काळ्या राखेचा पिवळा दगड: बदललेला ज्वालामुखी खडक कसा वाचावा

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक तरी दगड असतोच. काळपट खडकात पोकळी आणि पोकळीत पांढरे स्फटिक. पाहुणे विचारतात, "हा कोणता स्फटिक?" आपण "झिओलाइट" (खडकाच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) म्हणतो आणि विषय संपतो. मीही बरीच वर्षं तिथेच थांबत होतो. खरं तर त्या दगडाला आधी दुसरेच प्रश्न विचारायला हवेत. मूळ खडक काय होता, त्यात पाणी कुठून शिरलं, ते किती गरम होतं आणि हे सगळं व्हायला किती काळ लागला?

आपल्या दख्खनच्या बाबतीत यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं अंदाजानेच द्यावी लागतात. लाव्हा ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा कुणी थर्मामीटर घेऊन उभं नव्हतं. पण पृथ्वीवर एक बेट असं आहे जिथे खडक जन्मला, ओला झाला, तापला आणि बदलला, आणि हे सगळं होत असताना माणसं नोंदी करत होती. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवरचं ते सुर्त्सी. खडक वाचायला शिकायचं तर ज्याची उत्तरपत्रिका उपलब्ध आहे अशा खडकापासून सुरुवात करावी. म्हणून या लेखात पायऱ्या तुमच्या हातातल्या दगडाच्या आहेत आणि पडताळा सुर्त्सीचा.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. शाळेच्या पुस्तकात "रूपांतरित खडक" असतात, संगमरवर किंवा स्लेटसारखे, जमिनीत खोल दाबाखाली आणि उष्णतेत घडलेले. इथे ते अभिप्रेत नाहीत. इथे विषय आहे गरम किंवा कोमट पाण्याने आतून पालटलेल्या ज्वालामुखी खडकाचा. मी त्याला साधं "बदललेला खडक" म्हणतो.

सुर्त्सीवर काय घडलं

१४ नोव्हेंबर १९६३ च्या सकाळी 'इस्लेइफुर २' या मासेमारी बोटीवरच्या लोकांना समुद्रातून काळा धूर उठताना दिसला. तिथे पाणी सुमारे १३० मीटर खोल होतं. दुसऱ्याच दिवशी बेटाने पाण्यावर डोकं काढलं. नॉर्स पुराणातल्या सुर्त नावाच्या अग्निराक्षसावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. एप्रिल १९६४ पर्यंत तप्त शिलारस थेट समुद्राच्या पाण्याला भिडत होता, त्यामुळे स्फोट होऊन राखेचे ढीग साचत गेले. नंतर मुखात पाणी शिरणं थांबलं आणि शांतपणे लाव्हा वाहू लागला. मधे खंड पडत पडत ५ जून १९६७ ला उद्रेक संपला. त्या वेळी बेटाचं क्षेत्रफळ होतं सुमारे २.६५ चौरस किलोमीटर.

आता लाटांनी ते निम्म्याहून कमी उरलं आहे. पण जे उरलं त्याचा गाभा टिकाऊ आहे, आणि त्याचं कारण आपल्या विषयाशी जोडलेलं आहे. त्याच काळात शेजारी सिर्त्लिंगुर आणि योल्निर ही दोन छोटी बेटं वर आली होती. लाटांनी ती काही महिन्यांतच धुऊन नेली, कारण ती नुसत्या सुट्या राखेची होती. सुर्त्सीवर आधी लाव्हाचं चिलखत चढलं, आणि मग आतल्या राखेचा दगड झाला.

हे किती लवकर झालं? १९६७ मध्ये राखेच्या ढिगात आतून ऊब जाणवू लागली. १९६९ मध्ये भूवैज्ञानिक स्वेइन याकोब्सन यांना तिथे घट्ट झालेला पिवळसर-तपकिरी दगड सापडला. म्हणजे पाच-सहा वर्षांत सुट्या राखेचा खडक. "खडक बनायला लाखो वर्षं लागतात" हे वाक्य आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे.

पायरी १: दगड उचलण्याआधी जागा लिहा

सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी पायरी. दगड हातात आला की डोळे त्यालाच चिकटतात, जागा विसरली जाते. वहीत निदान एवढं यायला हवं: खडक लाव्हाच्या थरातला आहे की राखेच्या थरातला, थराच्या माथ्यावरचा, मधला की तळाचा, जवळ एखादी उभी भिंतीसारखी घुसलेली शिळा (डाइक) आहे का, आणि बदल कुठपर्यंत पसरला आहे.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण खडक दोन वेगळ्या वाटांनी मऊ आणि रंगीत होतो. एक वाट वरून खाली येते. पाऊस, ऊन, झाडांची मुळं यांनी खडक झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. हा बदल पृष्ठभागाला समांतर असतो आणि खाली जावं तसा कमी होतो. विहीर खोदणाऱ्यांना तो पाठ असतो: माती, मुरूम, मग काळा पाषाण. दुसरी वाट खालून किंवा बाजूने येते. गरम पाणी आणि वाफ भेगांमधून चढतात, म्हणून बदल भेगेच्या किंवा डाइकच्या कडेला जास्त आणि दूर जावं तसा कमी होतो. खाली खोदत गेलं तर तो वाढूही शकतो. कागदावर साधं रेखाचित्र काढून "बदल इथे जास्त, इथे कमी" असे बाण मारले की कोणती वाट हे पुष्कळदा तिथल्या तिथे कळतं.

सुर्त्सीवर ही दुसरी वाट अगदी स्पष्ट आहे. १९७९ च्या उन्हाळ्यात तिथे १८१ मीटर खोल भोक पाडलं गेलं. त्याचं तोंड समुद्रसपाटीच्या ५८ मीटर वर होतं, म्हणजे वरचा भाग समुद्राच्या पातळीच्या वरचा आणि बाकीचा खालचा. वाटेत घुसलेल्या शिलारसाच्या शिळाही लागल्या. सुमारे १०० मीटर खोलीवर तापमान १४१ अंश सेल्सिअसच्या आसपास भरलं. त्या घुसलेल्या शिळांची उष्णता समुद्राचं पाणी उकळवते आणि वाफ राखेतून वर चढते, अशी ती व्यवस्था आहे. चुलीवरच्या मोदकपात्रासारखी म्हणा हवं तर: खाली आधण, वर वाफेत शिजणारी राख.

पायरी २: ताजा फटका

हातोडी, डोळ्यांना चष्मा, आणि तोंड दुसरीकडे. बाहेरचं कवच पाहून कधीच निष्कर्ष काढू नका. दगड फोडून आतला ताजा चेहरा आणि बाहेरचा जुना चेहरा शेजारी ठेवा. बाहेर तांबूस आणि आत काळा कुळकुळीत असेल, तर ते फक्त हवामानाचं काम आहे. आतही तोच पिवळा-तपकिरी रंग सगळीकडे असेल, तर पुढे वाचा.

रंगावर फार भिस्त ठेवू नका, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. विद्यार्थी असताना एका राखेच्या थरातला नारिंगी पट्टा मी मोठ्या आत्मविश्वासाने पॅलागोनाइट (ज्वालामुखी काच पालटून होणारा पिवळा पदार्थ, पुढच्या पायरीत येतोच) म्हणून वहीत नोंदवला होता. भिंगाखाली पाहिलं तेव्हा तो लोखंडाचा गंज निघाला, भेगेतून झिरपलेला. वहीतलं ते पान मी फाडलं नाही, त्यावर काट मारली. आजही ते पाहून बरं वाटतं.

पायरी ३: काच शोधा

आता या लेखाचा कणा. तप्त बेसाल्टी शिलारस पाण्यात पडला की त्याला स्फटिक घडवायला वेळच मिळत नाही. तो काच होऊन गोठतो. या काचेला सिडरोमेलेन म्हणतात. ढिगात ती काळी दिसते, पण पातळ कपची उजेडासमोर धरली की मधासारखी पारदर्शक तपकिरी. काच ही अस्थिर वस्तू आहे, स्फटिकासारखी नीट बांधलेली नाही. गरम पाणी लागलं की ती कडेपासून आत पालटू लागते आणि तिच्याभोवती पिवळ्या-नारिंगी, मेणासारख्या झाकेचं कवच तयार होतं. हेच पॅलागोनाइट. हे नाव आलं सिसिलीतल्या पालागोनिया गावावरून, १८४५ च्या सुमारास.

१० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दगड त्याच्याकडे आणायचा. उलटं करणारे लोक "काही दिसत नाही" म्हणून सोडून देतात. राखेच्या खडकात हे शोधा:

काचेचे टोकदार, वाकड्या कडांचे तुकडे, फुगा फुटल्यावर उरलेल्या चिंध्यांसारखे. हे स्फोटाचं चिन्ह.

प्रत्येक तुकड्याच्या कडेला पिवळी किनार, आत अजून काळी काच. म्हणजे बदल सुरू झाला पण अर्ध्यावर थांबला. हा नमुना सोन्यासारखा जपा, कारण "आधी" आणि "नंतर" एकाच तुकड्यात आहेत.

पूर्ण पिवळा तुकडा, आत काच शिल्लक नाही. बदल पूर्ण झाला, किती वेळात ते मात्र यावरून कळणार नाही.

आणि तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत बारीक पांढरे स्फटिक. राखेचा दगड करणारं सिमेंट हेच. पॅलागोनाइट होताना काच पाणी आत घेते आणि बरंच सिलिका, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम बाहेर टाकते. लोखंड आणि टायटॅनियम मात्र बहुतांश जागेवरच राहतात. बाहेर पडलेल्या मालातून शेजारच्या पोकळीत नवी खनिजं वाढतात. म्हणजे दगडाला चिकटवणारा मसाला बाहेरून आणावा लागत नाही, राखच तो देते.

सुर्त्सीच्या १९७९ च्या गाभ्यात, म्हणजे भोकातून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यात, या सिमेंटमध्ये अॅनाल्सिम आणि फिलिप्साइट हे झिओलाइट, टोबरमोराइट, चिकणमातीच्या गटातली खनिजं, अॅनहायड्राइट अशी मंडळी सापडली. टोबरमोराइटचं नाव स्कॉटलंडमधल्या मल बेटावरच्या टोबरमोरी गावावरून पडलं आहे. ज्वालामुखी बेटांचीच ही सगळी भाऊबंदकी.

हीच जोडी, फिलिप्साइट आणि अॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट, प्राचीन रोमनांनी समुद्रात बांधलेल्या धक्क्यांच्या काँक्रीटमध्येही आढळते. त्यांनी चुन्यात ज्वालामुखी राख मिसळली आणि समुद्राच्या पाण्याने पुढची दोन हजार वर्षं तिथे स्फटिक वाढवले. हा दुवा उलगडणाऱ्या भूवैज्ञानिक मेरी जॅक्सन याच २०१७ मध्ये सुर्त्सीवर पुन्हा भोकं पाडणाऱ्या पथकाच्या प्रमुखांपैकी एक होत्या. त्या वेळी १९७९ च्या भोकाशेजारीच नवं भोक घेतलं गेलं, शिवाय एक तिरपं, ३५४ मीटर लांबीचं. एकाच ठिकाणचा गाभा ३८ वर्षांच्या अंतराने दोनदा हाती आला. असा योग भूविज्ञानात फार क्वचित येतो.

पायरी ४: पोकळी भिंतीकडून आत वाचा

राखेचा नाही, लाव्हाचा दगड असेल तर काच फार मिळणार नाही, पण वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या मिळतील. दख्खनमधले बहुतेक नमुने याच जातीचे. पोकळीत खनिजं भिंतीपासून आतल्या दिशेने वाढतात. म्हणून भिंतीला चिकटलेलं सर्वांत आधीचं, मधलं सर्वांत नंतरचं. कांद्यासारखंच: बाहेरचा पापुद्रा जुना, आतला नवा.

दख्खनच्या पोकळ्यांत अनेकदा भिंतीवर शेवाळी हिरवा पातळ थर दिसतो, तो सेलॅडोनाइट किंवा तत्सम हिरवी चिकणमाती. त्यावर कधी गारेचा म्हणजे कॅल्सेडनी-क्वार्ट्झचा थर, मग झिओलाइट, मग अपोफिलाइट आणि शेवटी कॅल्साइट. हा क्रम प्रत्येक पोकळीत असाच असेल असं नाही. म्हणून तो पाठ करू नका, प्रत्येक पोकळीसाठी वेगळा लिहा. कोण कोणावर बसलं आहे एवढंच पाहायचं. बसलेला नेहमी धाकटा.

आकारावरून ओळखीची सुरुवात होते. स्टिल्बाइट म्हणजे मधे आवळलेली गवताची पेंढी. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीसारखे, बाजूला मोत्याची झाक. स्कोलेसाइट सुयांच्या झुपक्यासारखं. चॅबाझाइट किंचित दाबलेल्या ठोकळ्यांसारखं. अॅनाल्सिमचे गोलसर, अनेक पैलूंचे दाणे. अपोफिलाइट चौकोनी, माथ्यावर मोत्यासारखा, आणि तो झिओलाइट नाही, हे दुकानदाराला सांगून उपयोग नसतो. वाघोलीचा निळा कॅव्हनसाइटही झिओलाइट नाही, पण झिओलाइटच्याच सोबतीने येतो. हे सगळं एका छताखाली पाहायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे.

इथे एक मोठा फरक ध्यानात ठेवा. सुर्त्सीवर पोकळ्या भरायला काही वर्षंच लागली. दख्खनमध्ये मात्र काही अपोफिलाइटचं मोजलेलं वय लाव्हाच्या वयापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी भरलं आहे. लाव्हा थंड होऊन कितीतरी काळ गेल्यावर त्यात पुन्हा पाणी फिरलं. दोन दगड दिसायला सारखे असले तरी त्यांची घड्याळं सारखी नसतात.

पायरी ५: घरगुती चाचण्या

लोखंडी चाकूचं टोक, काचेचा तुकडा, थोडं आम्ल, पाण्याचा ग्लास. एवढ्यात बरंच भागतं.

ओरखडा: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि कॅल्साइट तिन्हींवर चाकू चालतो. क्वार्ट्झवर चालत नाही, उलट क्वार्ट्झच काचेवर ओरखडा काढतं. "पांढरा आहे म्हणजे झिओलाइट" हा गैरसमज पहिल्या मिनिटात इथेच मोडतो.

आम्ल: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइट लगेच फसफसतं, झिओलाइट फसफसत नाही. मुलं सोबत असतील तर व्हिनेगर वापरा. त्यासाठी कॅल्साइटची थोडी भुकटी करा, बुडबुडे हळू येतील पण येतील. घरी संडास साफ करायच्या आम्लाने हे प्रयोग करणारे लोक मला माहीत आहेत. ते ब्लीचच्या आसपासही आणू नका, विषारी वायू सुटतो.

पाणी: पिवळ्या मऊ भागाचा तुकडा ग्लासातल्या पाण्यात टाका. चिकणमातीच्या गटातलं स्मेक्टाइट भरपूर असेल तर तुकडा फुगतो आणि विरघळू लागतो. चांगलं सिमेंट असलेला सुर्त्सीसारखा टफ, म्हणजे राखेचा घट्ट झालेला खडक, तसाच राहतो. जिभेला लावून पाहायची जुनी पद्धतही आहे, चिकणमाती जिभेला चिकटते. गटाराच्या कडेच्या दगडावर करू नये, इतपत अक्कल मी गृहीत धरतो.

आणि एक गंभीर सूचना. झिओलाइटपैकी एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी जोडलं गेलं आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियात काही गावांनी त्याची जबर किंमत मोजली. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून कोणताही केसाळ, लोकरीसारखा पांढरा झिओलाइट कोरडा कुटू नका, ब्रशने झाडू नका. ओला करा, मास्क लावा.

पायरी ६: तापमानाचा अंदाज, जपून

झिओलाइट हे तापमानाचे अर्धवट थर्मामीटर आहेत. आइसलँडच्या भूऔष्णिक भोकांमध्ये पाहिलेला ढोबळ क्रम असा: सर्वांत थंड भागात चॅबाझाइट, मग सुमारे ७० ते ९० अंशांत मेसोलाइट-स्कोलेसाइट, नंतर स्टिल्बाइट, आणि सुमारे ११० अंशांच्या पुढे लॉमोन्टाइट. भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये पूर्व आइसलँडच्या डोंगरांत हे झिओलाइटचे पट्टे नकाशावर काढले. पट्टे लाव्हाच्या थरांना छेदून जातात हे पाहून, डोंगरांवरून किती खडक धुऊन गेला असेल याचा त्यांनी हिशोब केला. दगडाच्या पोकळीतून गायब झालेल्या डोंगराची उंची काढणं, यापेक्षा सुंदर हिशोब मला तरी माहीत नाही.

पण एका खनिजावरून अंदाज काढू नका. त्याच पोकळीतली दोन-तीन खनिजं एकत्र, आणि शेजारच्या दहा-वीस पोकळ्यांत तीच जोडी, असं असेल तरच बोला. पाणी खारं होतं की गोडं, काचेत सिलिका किती होतं, यावरही खनिज ठरतं. सुर्त्सीवर समुद्राचं पाणी होतं, म्हणून तिथली जोडी पावसाच्या पाण्यात भिजलेल्या डोंगरात जशीच्या तशी शोधायची नाही.

वेगाबद्दल सुर्त्सीने दिलेला नियम मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखा आहे. याकोब्सन आणि भूवैज्ञानिक जेम्स मूर यांच्या मोजणीनुसार तापमान सुमारे १२ अंशांनी वाढलं की काचेच्या पॅलागोनाइट होण्याचा वेग दुप्पट होतो. हिशोब करून पाहा. ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत ६० अंशांचा फरक, म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. ४० अंशांवर जे व्हायला शतक लागेल ते १०० अंशांवर तीन-साडेतीन वर्षांत. शेजारच्या वाफाळ ढिगाचा दगड झालेला असताना थंड ढिगाची राख अजून सुटी का, याचं उत्तर यात आहे. म्हणूनच "जास्त बदललेला म्हणजे जास्त जुना" हे गृहीतक धोक्याचं आहे. तो फक्त जास्त गरम असू शकतो.

पायरी ७: प्रयोगशाळेत काय मागायचं

महाविद्यालयात ओळख असेल तर तीन गोष्टी मागा.

पातळ छेद, म्हणजे काचपट्टीवर घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केलेला दगडाचा काप. टफ आधी रेझिनमध्ये बुडवून घट्ट करायला सांगा, नाहीतर घासताना पिवळा भाग निघून जातो आणि तुम्हाला जे पाहायचं तेच नेमकं नाल्यात जातं. ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकात दोन्ही ध्रुवक आडवे केले की ताजी काच काळी होते. पॅलागोनाइटचा सुरुवातीचा जेलसारखा भागही काळाच राहतो, पण जुना, तंतुमय झालेला भाग मंद चमकतो.

क्ष-किरण विवर्तन, बारीक खनिजांसाठी. स्मेक्टाइटची ओळख पक्की करायची तर नमुना इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून पुन्हा तपासायला सांगा. त्याच्या थरांमधलं अंतर सुमारे १.७ नॅनोमीटरपर्यंत फुगतं. फुगलं नाही तर ते स्मेक्टाइट नाही.

रासायनिक विश्लेषण हवंच असेल तर तापवल्यावर घटलेल्या वजनाचा आकडा आवर्जून पाहा. तो मोठा असेल तर खडकात पाणी शिरलं आहे आणि सोडियम, पोटॅशियम, रुबिडियमचे आकडे मूळ शिलारसाचे राहिलेले नाहीत. तेव्हा टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, इट्रियम यांच्यावर भिस्त ठेवा, ते पाण्याला सहसा बधत नाहीत. अशा खडकाचं पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने वय काढून त्यावर सिद्धांत उभे करणारे लेख अजूनही वाचायला मिळतात.

कुठे पाहायला जायचं

सुर्त्सीवर नाही. १९६५ पासून ते राखीव आहे, २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि संशोधनाची परवानगी असलेल्यांखेरीज तिथे कुणी उतरू शकत नाही. कडकपणाची कारणं आहेत. एकदा तिथे टोमॅटोचं रोप उगवलं होतं. कुणा पाहुण्याने उघड्यावर शौच केलं, त्यातल्या बीचा तो पराक्रम. नव्या बेटावर जीवसृष्टी आपोआप कशी रुजते हे पाहायला बसलेल्या शास्त्रज्ञांना ते रोप उपटावं लागलं.

आइसलँडला जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांनी शेजारचं हेमाएय बेट गाठावं, तिथल्या एल्डहेमर संग्रहालयात सुर्त्सीचं दालन आहे. मुख्य भूमीवर दक्षिण किनाऱ्यालगत, दिर्होलाएयच्या कड्यांत, तपकिरी-पिवळा टफ रस्त्याजवळच पाहता येतो. आइसलँडिक लोक त्याला "मोबर्ग" म्हणतात. हिमयुगात बर्फाखाली झालेल्या उद्रेकांतून तिथले कितीतरी डोंगर याच खडकाचे घडले. पाहा, फोटो काढा, तुकडा आणू नका.

घराजवळ सराव करायचा तर विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मालाचा ढीग शोधा. मालकाला विचारलं की तो हसून परवानगी देतो, वर चहाही पाजतो. कितीतरी खोलीवरचा ताजा दगड फुकट वर आलेला असतो. रस्त्याच्या घाटकामाचा राडारोडाही चांगला, पण चालू खाणीत किंवा नुकत्याच कापलेल्या दरडीखाली जाऊ नका. मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट: मुंबई परिसरात लाव्हा पाण्यात शिरून फुटल्याच्या खुणा, उशांसारखे लाव्हाचे गोळे आणि त्यांच्यामधला काचेच्या तुकड्यांचा बदललेला भरडा, काही ठिकाणी आहेत. सुर्त्सीच्या जातीची गोष्ट, पण सहा कोटी वर्षांहून जुनी आणि आता वस्तीच्या गर्दीत दबलेली. गड, लेणी आणि संरक्षित स्मारकांच्या खडकाला हातोडी लावणं गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

नमुना ठेवताना

प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा, चिठ्ठी वेगळी ठेवू नका, ती हरवते. लॉमोन्टाइट असल्याची शंका असेल तर तो नमुना हवाबंद डबीत ठेवा. कोरड्या हवेत त्यातलं पाणी निघून जातं आणि एका उन्हाळ्यात स्फटिकांची पांढरी भुकटी होते. समुद्रकाठच्या टफचं उलटं असतं. त्याच्या छिद्रांत मीठ असतं आणि आपल्या पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढून घेतं. जूनमध्ये डबी उघडलीत आणि दगडाला घाम फुटलेला दिसला तर घाबरू नका. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलत बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. त्याआधी त्याचा एक छोटा तुकडा मात्र न धुता बाजूला काढा, कारण ते मीठही त्या दगडाच्या नोंदीचाच भाग आहे.